चार स्क्रूंवर उभं राहिलेलं वाद्य

जुना फेंडर बास नेमका कोणत्या सालचा हे ठरवायचं असेल, तर जाणकार आधी स्क्रूड्रायव्हर हातात घेतो. बॉडीच्या मागच्या चौकोनी पत्र्याचे चार स्क्रू काढले की नेक, म्हणजे वाद्याची मान, सुटून हातात येतो, आणि त्याच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याने उठवलेली तारीख दिसते. पुढचा पिकगार्ड उघडला की आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटच्या पाठीवर आकडे सापडतात. ते ३०४-६२१० असे असतील, तर ३०४ हा स्टॅकपोल या उत्पादकाचा संकेत, ६२ म्हणजे १९६२ आणि १० म्हणजे त्या वर्षाचा दहावा आठवडा. मागच्या पत्र्यावरचा अनुक्रमांक आणखी वेगळीच साक्ष देतो. हे तीन साक्षीदार पुष्कळदा एकमेकांशी जुळत नाहीत. नेक काही महिने आधीचा असतो, पॉट त्याहून आधीचे असतात, आणि लहान अनुक्रमांकाचा बास मोठ्या अनुक्रमांकाच्या बासानंतर कारखान्याबाहेर पडलेला असतो. मागाहून कोणी हात लावला नसला, तरी हेच आढळतं. कारण कारखान्यात नेक एका ढिगात, बॉडी दुसऱ्या ढिगात आणि आकडे कोरलेले पत्रे एका खोक्यात असत. हाताला येईल तो भाग उचलून वाद्य जोडलं जाई. या प्रकरणाचा विषय आहे सुट्या, वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेल्या भागांतून जुन्या धाटणीचा इलेक्ट्रिक बास उभा करणं. अशा बासाकडे ‘खऱ्याची नक्कल’ म्हणून पाहण्याची सवय आहे. माझं म्हणणं असं की हे वाद्य जन्मापासून जुळणीचंच आहे. त्याचं खरेपण भाग कुठून आले यावर ठरत नाही. ते एकमेकांशी कोणत्या मापांनी बांधले गेले यावर ठरतं. आणि ती मापं आज कोणालाही पाळता येतात.

या म्हणण्याचा पहिला पुरावा वाद्याच्या जन्मकथेत आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ मध्ये त्याने तिथे दुकान थाटलं. गिटार त्याला स्वतःला वाजवता येत नव्हती, पण बिघडलेलं यंत्र उघडून त्यातला नेमका नादुरुस्त भाग काढून दुसरा बसवायचा, ही विद्या त्याच्या हाडीमाशी भिनली होती. १९५० च्या सुमारास त्याने भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली आणि १९५१ च्या अखेरीस त्याच तत्त्वावरचा प्रिसिजन बास. त्याआधी सिएटलच्या पॉल टटमार्कने १९३० च्या दशकात ऑडिओव्हॉक्स नावाने फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेला आडवा इलेक्ट्रिक बास केला होता, पण तो फार थोड्यांपर्यंत पोहोचला. फेंडरच्या बासाने मात्र नृत्यमंडळींमधला माणसाएवढा उंच डबल बास बाजूला सारला. डबल बास कोरून, वाकवून, सरसाने चिकटवून तयार होतो. त्याची मान पोटाशी कायमची जखडलेली असते आणि आतली ध्वनिकाठी त्या एकाच वाद्यासाठी तासून बसवावी लागते. मिरजेचा तंबोराही असाच, हा भोपळा त्या दांडीला शोभेल का हे पाहून एकेक जोडी जमवत तयार होतो. फेंडरने ही वाट सोडली. फळीसारखी बॉडी, अखंड मेपलचा नेक, दोघांना धरणारे चार स्क्रू, आणि वरून स्क्रूनेच बसवलेले ब्रिज, पिकअप आणि खुंट्या. फ्रेट झिजले किंवा नेक वाकला तर तो काढून दुसरा बसवायचा, असा हिशेब त्यामागे होता. म्हणजे भाग बदलण्याची सोय मूळ आराखड्यातच घातलेली होती.

ही सोय टिकायची तर एक अट पाळावी लागते : कोणताही नेक कोणत्याही बॉडीवर बसला पाहिजे. त्यासाठी मापं पक्की लागतात, आणि फेंडर बासाची मापं सत्तर वर्षांनंतरही जवळजवळ तीच राहिली आहेत. नेकच्या टोकाशी तारा जिथे टेकतात त्या नटपासून ब्रिजपर्यंत तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. ही एक लांबी ठरली की सगळे फ्रेट आपोआप ठरतात. उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागायचं आणि तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट ठोकायचा. पहिला फ्रेट नटपासून साधारण साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरवर पडतो, आणि बारावा बरोबर अर्ध्यावर, ४३२ मिलिमीटरवर. यातला १७.८१७ हा आकडा सप्तकाचे बारा समान भाग करण्याच्या गणितातून येतो, त्यामुळे तो कोणत्याही कारखान्याच्या मालकीचा नाही. सुट्या भागांतून जुळणी करणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. नेक हातात आला की नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजायचं आणि त्याची दुप्पट करायची. ब्रिजची सॅडल, म्हणजे तारा ज्यांवर टेकतात ते सरकते तुकडे, त्या रेषेवर, किंबहुना किंचित मागे, आली पाहिजेत. किंचित मागे अशासाठी की फ्रेटवर दाबताना तार ताणली जाते आणि सूर वर चढतो. जाड तारेचा सर्वांत जास्त चढतो, म्हणून खालच्या ‘ई’ तारेचं सॅडल सर्वांत मागे जातं. बॉडीवर ब्रिजची भोकं आधीच पाडलेली असतील आणि ती या रेषेशी जुळत नसतील, तर ती बॉडी कितीही देखणी असली तरी त्या नेकसाठी निरुपयोगी आहे. वाद्याचं खरेपण मापांत आहे असं म्हणताना मला हेच म्हणायचं आहे.

‘जुन्या धाटणीचा’ हा शब्दही मापांत उतरवावा लागतो, नाहीतर तो नुसता वास उरतो. कारण फेंडर बास एकच कधी नव्हता. १९५१ च्या प्रिसिजनची बॉडी सपाट फळीची होती आणि तिच्यावर एकच साधी कॉइल असलेला पिकअप होता. १९५४ मध्ये बॉडीच्या कडा अंगाला लागू नयेत म्हणून तासल्या गेल्या. १९५७ मध्ये सर्वांत मोठा बदल झाला : पिकअप दोन तुकड्यांत विभागला गेला, हेडस्टॉक मोठा झाला, सोनेरी ॲल्युमिनियमचा पिकगार्ड आला आणि दोन सॅडलांच्या जागी चार सॅडलांचा ब्रिज आला. १९५९ मध्ये मेपलच्या नेकवर शिसवीची जाड पट्टी चढली आणि १९६२ मध्ये ती पातळ झाली. दरम्यान १९६० मध्ये जॅझ बास आला. त्याला दोन पिकअप होते आणि नटपाशी नेक अवघा ३८ मिलिमीटर रुंद होता, तर प्रिसिजनचा तिथे ४४ मिलिमीटरच्या आसपास असे. जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीकडे गेली आणि लाकूडकामाच्या व रंगाच्या पद्धती हळूहळू बदलत गेल्या. यातल्या कोणत्या सालाचा बास आपल्याला हवा आहे, हे जुळणी करणाऱ्याने पहिला भाग विकत घेण्याआधीच ठरवायला हवं. सपाट फळीच्या बॉडीवर विभागलेला पिकअप आणि १९६६ नंतरचे चौकोनी ठिपके असलेला नेक बसवला तर वाद्य वाजेल, पण ते कोणत्याच सालाची भाषा बोलणार नाही. गोधडी शिवणारी बाई चिंध्या कुठूनही आणते, पण कोणता तुकडा कशाशेजारी लावायचा हे तिच्या मनात आधीच पक्कं असतं. तीच तयारी इथे लागते.

आता आवाजाकडे येऊ, कारण खरी शंका तिथेच असते. इलेक्ट्रिक बासात कानाशी येतं ते लाकडाचं थरथरणं नव्हे. पिकअपमध्ये ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांच्या मिश्रधातूची चुंबकं असतात, ज्यांना अल्निको म्हणतात, आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. प्रिसिजनच्या प्रत्येक अर्ध्या पिकअपमध्ये साधारण दहा हजारांच्या घरात. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःच थोडी चुंबकीय होते. ती हलली की कॉइलमध्ये विजेचा दाब निर्माण होतो. म्हणजे पिकअपला फक्त तारेची हालचाल कळते, आणि तीही फक्त आपल्या डोक्यावरच्या जागेची. तार एकाच वेळी मूळ स्वरात आणि त्याच्या दुपटी-तिपटींत कंप पावत असते. ज्या पटीचा स्थिर बिंदू नेमका पिकअपवर येतो, ती ऐकूच येत नाही. म्हणून पिकअपची जागा हा आवाजाचा अर्धा निकाल असतो. प्रिसिजनचा पिकअप ब्रिजपासून पाच-सहा इंचांवर, तारेच्या अशा भागाखाली बसतो जिथे मूळ स्वर भरदार आणि वरचे स्वर पुरेसे असतात. जॅझ बासमध्ये १९७० च्या दशकात मागचा पिकअप ब्रिजकडे जेमतेम एक सेंटीमीटर सरकला आणि तेवढ्याने त्याच्या आवाजातला टोकदारपणा वाढला. वादक आजही साठच्या आणि सत्तरच्या दशकातल्या या दोन अंतरांत फरक करतात. एका सेंटीमीटरने आवाजाचं दशक बदलत असेल, तर आपल्याला हव्या त्या दशकाचं अंतर मोजून खाच पाडणारा कारागीर त्या आवाजाच्या बराच जवळ पोहोचलेला असतो.

विजेची बाजूही अशीच थोड्या, मोजता येण्याजोग्या गोष्टींवर उभी आहे. १९५७ नंतरच्या प्रिसिजनमध्ये खालच्या दोन तारांची कॉइल आणि वरच्या दोन तारांची कॉइल उलट दिशेने गुंडाळलेल्या आणि उलट ध्रुवांच्या असतात. घरातल्या वायरींची गुणगुण दोन्ही कॉइलमध्ये उलटी येऊन एकमेकींना मारते, आणि तारेचा आवाज मात्र शाबूत राहतो. पुढे एक २५० किलोओहमचा पॉट आवाजासाठी, दुसरा तेवढाच टोनसाठी आणि एक कपॅसिटर. सुरुवातीच्या काळात हा ०.१ मायक्रोफॅरडचा असे, पुढे निम्म्याच्या आसपास आला. टोन बंद केला की वरचे स्वर या कपॅसिटरमधून जमिनीत उतरतात आणि आवाज जाड, गोल होतो. मूल्य मोठं असेल तितकं हे उतरणं खालून सुरू होतं, म्हणून पन्नासच्या दशकाच्या धाटणीच्या बासात ०.१ चाच कपॅसिटर घालावा. जुना, मेण लावलेला कपॅसिटर महाग मिळतो. त्याचं मोल संग्राहकाला असेल, पण या जागी आवाज ठरवणारी गोष्ट त्याचं मूल्य ही आहे, आणि ते मूल्य साध्या नव्या कपॅसिटरमध्येही तंतोतंत मिळतं. त्यापेक्षा सोल्डरचा डाग नीट देण्याकडे लक्ष द्यावं. पॉटच्या पाठीवरचा थंड, मळकट डाग आणि ब्रिजच्या पत्र्याखाली दाबायची राहून गेलेली जमिनीची वायर, या दोन चुका जुळवलेल्या बासाला गुणगुणत ठेवतात. मग दोष दिला जातो तो भाग ‘मिसळण्याला’.

लाकडाच्या जुळणीत खरं कौशल्य लागतं ते नेक आणि बॉडीच्या सांध्यात. बॉडीतल्या खाचेची लांबी जेमतेम तीन-चार इंच असते आणि नट त्याच्यापासून दोन फूट पुढे. त्यामुळे खाचेत अर्धा मिलिमीटर तिरका बसलेला नेक नटपाशी तीन-चार मिलिमीटर बाजूला जातो, आणि कडेची तार फ्रेटवरून घसरायला लागते. सुतार इंचाचे आठ सूत मोजतो; इथे सुताच्याही चौथाईवर नजर ठेवावी लागते. इंचांत मोजून केलेला नेक आणि मिलिमीटरमध्ये मोजून केलेली बॉडी एकत्र आली की ही फट हमखास उरते. स्क्रू घट्ट करण्याआधी दोन्ही बाहेरच्या तारांच्या जागी दोरा ताणून पाहावा, तो नेकच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर राहिला पाहिजे. बॉडीतल्या भोकांतून स्क्रू सैल फिरले पाहिजेत आणि पकड फक्त नेकच्या लाकडात घेतली पाहिजे, नाहीतर दोन लाकडांमध्ये केसभर फट राहते आणि ती कितीही पिळलं तरी मिटत नाही. यावर चार तारांचा मिळून पाऊणशे किलोच्या घरातला ताण येतो, म्हणजे एक प्रौढ माणूस सतत लोंबकळत असल्यासारखा. हा ताण तोलण्यासाठी नेकच्या आत पोलादी सळी असते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत लाकूड ओल पितं आणि हिवाळ्यात देशावर सुकतं. दोन्ही वेळा सळी थोडी फिरवावी लागते. जुन्या धाटणीच्या नेकमध्ये तिचं टोक बॉडीच्या बाजूला असतं, त्यामुळे नेक सोडवावा लागतो. चार स्क्रूंची भोकं या वारंवारच्या कामाला पुरतील इतकी नीट पाडलेली असणं म्हणूनच महत्त्वाचं.

बॉडीचं लाकूड १९५६ पर्यंत बहुधा ॲश आणि त्यानंतर प्रामुख्याने अल्डर. पट्टीचं लाकूड शिसवी. साठच्या दशकात ब्राझीलच्या शिसवीच्या जागी भारतीय शिसवी आली, जी सह्याद्रीच्या उतारांवरही वाढते. ब्राझीलच्या जातीचा व्यापार १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार जवळजवळ बंद आहे. २०१७ च्या सुरुवातीला शिसवीच्या साऱ्या वंशावरच परवान्याची अट आली आणि २०१९ मध्ये तयार वाद्यं व त्यांचे तयार भाग त्यातून मोकळे झाले. जुन्या बासावरची पट्टी आणि आजच्या नेकवरची पट्टी यांतला हा इतिहास लक्षात घेतला, तर ‘अगदी त्याच झाडाचं लाकूड हवं’ हा आग्रह कायद्यानेच पुरवता येत नाही. मूळ कारखान्यानेही तो पुरवलेला नव्हता. त्याने मिळेल तसं लाकूड बदललं.

आता सर्वांत वजनदार आक्षेप घेऊ. असं म्हणतात की साठ वर्षं एकत्र वाजलेली बॉडी आणि नेक एकजीव होतात, लाकूड वाळतं, नायट्रोसेल्युलोजचा पातळ रंग झिजतो, आणि हे सगळं मिळून तो आवाज घडतो. चार ठिकाणांहून आणलेल्या भागांत हा एकजीवपणा कुठून येणार? यातला एक भाग खरा आहे. पिकअपला लाकूड ऐकू येत नसलं, तरी लाकूड तारेची शक्ती शोषू शकतं. जर्मन ध्वनिशास्त्रज्ञ हेल्मुट फ्लाइशर यांनी बास आणि गिटारच्या नेकचं कंपन मोजून दाखवलं की काही ठरावीक जागी नेक स्वतःच तारेच्या वेगाने डोलू लागतो आणि तिथला स्वर लवकर विझतो. वादक त्याला ‘डेड स्पॉट’ म्हणतात. वरच्या ‘जी’ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास तो बऱ्याच बासांत सापडतो. म्हणजे नेक बदलला की ही विझणारी जागा सरकते, आणि ती कुठे जाईल हे जोडण्याआधी सांगता येत नाही. पण हाच पुरावा आक्षेपाच्या दुसऱ्या भागाला उलटा पडतो. डेड स्पॉट जुन्या, अस्सल, कधीही न उघडलेल्या बासांतही तितकेच आढळतात, कारण कारखान्यातही कोणी या नेकला ही बॉडी शोभते का असं वाजवून जोडत नव्हतं. जो एकजीवपणा आपण त्यांच्यात शोधतो, तो त्यांच्या जन्माच्या वेळी नव्हताच. उलट सुटे भाग जमवणाऱ्याकडे एक अधिकार आहे जो कारखान्याच्या कामगाराकडे नव्हता : स्वर विझत असेल तर तो चार स्क्रू काढून दुसरा नेक लावून पाहू शकतो.

आवाजाच्या वयाचं गूढ आणखी एका ठिकाणी उलगडतं, आणि ते म्हणजे तारा. जेम्स जेमरसनने डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत १९६२ च्या प्रिसिजनवर साठच्या दशकातलं संगीत घडवलं. त्याच्या बासावर जाड, सपाट गुंडाळणीच्या तारा असत, तो त्या बदलायचं टाळी, आणि ब्रिजच्या झाकणाखालचा स्पंज तारांना लवकर शांत करी. तो मऊ, ठाशीव, लगेच संपणारा स्वर हीच आज अनेकांच्या मनातली ‘जुन्या बासाची’ ओळख आहे. त्याच दशकात इंग्लंडमध्ये द हू या बँडचा जॉन एन्टविसल गोल गुंडाळणीच्या नव्या, झणझणीत तारांकडे वळला आणि त्याच जातीच्या वाद्यातून पियानोसारखा कणखर स्वर काढू लागला. एकाच कारखान्याचं, जवळजवळ एकाच सालाचं वाद्य, आणि दोन टोकांचे आवाज. ज्याला जुना आवाज हवा आहे त्याने पट्टीच्या लाकडाची जात शोधण्याआधी सपाट गुंडाळणीच्या तारा आणि बोटभर स्पंज घ्यावा. खर्चाच्या मानाने एवढा फरक दुसऱ्या कोणत्याही भागाने पडत नाही.

एन्टविसलचं नाव आणखी एका कारणासाठी घ्यावं लागतं. १९६७ मध्ये त्याच्याकडे पाच मोडक्या प्रिसिजनांचे अवशेष साचले होते. त्यातले धड राहिलेले भाग निवडून त्याने एक बास जोडला आणि त्याला ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हटलं. पुढची काही वर्षं मंचावर आणि स्टुडिओत तोच त्याचा मुख्य बास होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर २००३ मध्ये तो लंडनच्या लिलावात मानाने विकला गेला. गिटारच्या जगातली गोष्टही अशीच. एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅटोकास्टरांची एक रास घेतली, काही मित्रांना वाटल्या आणि उरलेल्यांतले उत्तम भाग एकत्र करून ‘ब्लॅकी’ तयार करवून घेतली. २००४ मध्ये न्यूयॉर्कला तिला ९ लाख ५९ हजार ५०० डॉलर मिळाले. यावर कोणी म्हणेल की ती किंमत वाजवणाऱ्यांच्या नावाची होती. किंमत नावाचीच होती, हे मान्य. पण ज्यांना हवं ते कोणतंही अखंड वाद्य मिळू शकत होतं, त्यांनी रोजच्या वाजवण्यासाठी जोडलेलं वाद्य निवडलं, हा निर्णय किमतीच्या आधीचा आणि कानांनी घेतलेला आहे. बासवादक जेको पास्टोरियसच्या १९६२ च्या जॅझ बासाचीही आठवण इथे ठेवावी. त्यातले फ्रेट काढून खाचा भरल्या होत्या आणि पट्टीवर बोटींसाठी वापरतात तशा इपॉक्सीचा थर चढवला होता. संग्राहकाच्या दृष्टीने बिघडवलेल्या या वाद्याने १९७६ नंतर बासाची भाषाच बदलून टाकली.

दुसरा आक्षेप नीतीचा आहे आणि त्याला मी हलकं मानत नाही. जुन्या बासांच्या किमती चढल्या तशी बनावटगिरीही वाढली : नव्या नेकवर जुन्या कंपनीचं नाव चिकटवायचं, जुना अनुक्रमांक असलेला पत्रा मागे ठोकायचा, रंग मुद्दाम घासायचा आणि १९६२ चा म्हणून विकायचा. ज्या सोयीने हे वाद्य दुरुस्त करायला सोपं झालं, त्याच सोयीने ते खोटं सांगायलाही सोपं झालं. पण गुन्हा इथे विक्रेत्याच्या तोंडच्या वाक्यात आहे. फेंडर कंपनीने स्वतः १९८२ पासून १९५७ आणि १९६२ च्या नमुन्यांचे बास पुन्हा बनवायला घेतले, आणि १९९० च्या दशकात तिच्या खास विभागाने मुद्दाम झिजवलेल्या अंगाची वाद्यंही विकली. ती फसवणूक ठरली नाहीत, कारण ती आजची आहेत हे उघड सांगितलेलं होतं. त्याहून महत्त्वाचं, ‘जुना बास’ म्हणजे काय याचं उत्तर मूळ कारखान्यालाही ठरावीक मापं, ठरावीक भाग आणि ठरावीक पिकअप असंच द्यावं लागलं. दुसरा कोणता पर्याय त्याच्याकडेही नव्हता.

तिसरा आक्षेप हिशेबाचा : एवढा खर्च करून तयार नवा बास मिळतो, आणि जोडलेला विकायला गेलं तर भागांचीही किंमत येत नाही. हे खरं आहे आणि ते लपवू नये. ज्याला लवकर आणि स्वस्तात वाजवायला लागायचं आहे, त्याने तयार बास घ्यावा. जुळणीचा फायदा वेगळा आहे. पैसा कुठे घालायचा हे जोडणारा ठरवतो : नेक आणि पिकअपवर भरपूर, सांधा बसवण्यावर वेळ, आणि रंगाच्या चकाकीवर कमी. शिवाय वाद्याचा प्रत्येक भाग का आहे हे त्याला कळतं. तारा चढवल्यावरचं शेवटचं काम यालाच साक्षी आहे. सव्वासात इंच त्रिज्येच्या गोलसर जुन्या पट्टीवर नेकमध्ये सुमारे ०.३५ मिलिमीटरची वक्रता ठेवायची. सतराव्या फ्रेटपाशी जाड तार सुमारे २.८ मिलिमीटर आणि बारीक तार २.४ मिलिमीटर उंच ठेवायची. मग एकेक सॅडल मागे-पुढे करून बाराव्या फ्रेटचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर दुपटीवर आणायचा. ज्या क्षणी मोकळी ‘ई’ तार ४१.२ हर्ट्झवर आणि बाराव्या फ्रेटवर ८२.४ हर्ट्झवर स्थिर उभी राहते, त्या क्षणी वेगवेगळ्या गावांहून आलेले भाग एका वाद्याचे झालेले असतात.

म्हणून नेक कायमचा बसवण्याआधी एक छोटं काम करावं. त्याच्या बुडाशी पेन्सिलीने जुळणीची तारीख लिहावी, आणि खाचेत बॉडी कुठली, पिकअप कुठला, पॉट कोणत्या सालचे याची दोन ओळींची यादी. फुलर्टनच्या कामगारांनी तारीख लिहिली ती कारखान्याच्या सोयीसाठी, पण तिच्यामुळेच आज आपण त्यांचं काम वाचू शकतो. चाळीस वर्षांनी कोणीतरी फ्रेट बदलायला हे चार स्क्रू काढेल तेव्हा त्याला वाद्याची खरी हकीगत मिळेल, कोणाला फसवण्याची वाट बंद होईल, आणि पुढचा नेक कोणत्या मापाचा आणायचा हेही त्याला कळेल.